ऑदच्या खोऱ्यातला हिवाळा: लिमूचा कार्निव्हल, पिवळी ट्रेन आणि घरातली थंडी

आमच्या गावात जानेवारीत दुपारी छान ऊन पडतं. माणसं अंगणात स्वेटर काढून बसतात आणि घरात शिरताना तोच स्वेटर पुन्हा चढवतात. दक्षिण फ्रान्सच्या खेड्यातली थंडी अशी उलटी आहे. दगडी भिंती हात-दीड हात जाड, खोल्या उंच, फरशी बर्फासारखी. "समुद्रापासून एवढं जवळ, तिथे कसली आलीय थंडी?" असं सांगलीहून फोनवर म्हणणारे बाबा आल्या दिवशी मफलर बांधूनच जेवायला बसले. त्यामुळे हिवाळ्यात इकडे येणाऱ्यांना माझा पहिला सल्ला: जाड कोटापेक्षा घरात घालायचे कपडे नीट आणा. लोकरीचे मोजे, जाड तळव्यांच्या सपाता, थर्मल आणि आईच्या वयाचं कुणी असेल तर रबराची गरम पाण्याची पिशवी.

आम्ही राहतो ऑद नदीच्या खोऱ्यात, लिमूच्या थोडं वर. नवऱ्याची नोकरी तूलूझला. आठवड्यातले काही दिवस तो घरून काम करतो. विमान उद्योगामुळे तूलूझमध्ये मराठी माणसं बऱ्यापैकी भेटतात. गावात मात्र आम्हीच. बाकी इंग्रज, डच आणि पॅरिसला कंटाळून आलेली तरुण फ्रेंच मंडळी आहेत. उन्हाळ्यात गाव भरलेलं दिसतं. नोव्हेंबर लागला की निम्म्या घरांच्या लाकडी झडपा बंद होतात. मग कळतं, इथे खरोखर राहतं कोण.

हिवाळ्याची तयारी म्हणजे लाकूड. ते 'स्तेर'वर विकतात: एक मीटर लांबीची लाकडं रचून एक घनमीटर भरलं की एक स्तेर. ओकचं वाळलेलं लाकूड साधारण ८० ते १०० युरोला मिळतं. पण शेगडीच्या मापाने ३३ सेंटिमीटरचे तुकडे करून घेतले, तर तेच लाकूड रचल्यावर जेमतेम ०.७ घनमीटर भरतं. हे आधी माहीत नसलं तर लाकूडवाल्याने फसवलं असंच वाटतं. आमच्या बाबांनी तर टेप घेऊन रास मोजलीच. धुराडं वर्षातून किमान एकदा साफ करून त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवायचं, कारण आग लागली तर विमावाले ते मागतात.

सुट्टीसाठी 'जीत', म्हणजे खेड्यातलं भाड्याचं घर, घेणार असाल तर हीटिंग भाड्यात धरलंय का, हे बुकिंगच्या आधी लेखी विचारा. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी ते मीटरप्रमाणे वेगळं लावतात. राहायलाच येणार असाल तर विजेचा 'टेंपो' दर समजून घ्या. त्यात दिवसाच्या रंगाप्रमाणे दर बदलतो: वर्षातले ३०० दिवस निळे, ४३ पांढरे आणि २२ लाल. लाल दिवस १ नोव्हेंबर ते ३१ मार्च याच काळात येतात, आणि त्या दिवशी सकाळी सहा ते रात्री दहा वीज कितीतरी पट महाग असते. आमच्याकडे लाल दिवशी ओव्हन बंद, इस्त्री बंद, आणि शेगडीवर पिठलं. बेसनाची अडचण पडत नाही. ऑरगॅनिक दुकानात चण्याचं पीठ मिळतं, रंगाला थोडं फिकं असतं इतकंच.

खाण्याचं सांगते आहे तर बाकीचंही इथेच सांगून टाकते. युरोपीय संघाबाहेरून सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, तूप, श्रीखंडाच्या गोळ्या घरीच ठेवा. मेतकूट, भडंग, चटण्या, भाजणी यांना हरकत नाही. या भागाचा मानाचा पदार्थ कासूले: पांढरा घेवडा, बदक आणि डुकराचं मांस तासन् तास शिजवलेलं. शाकाहारी माणसाला त्यातला घेवडासुद्धा वेगळा काढून मिळत नाही. मात्र तोच कास्तेलनोदारीचा 'लिंगो' घेवडा बाजारात सुटा मिळतो आणि गोडा मसाला घालून त्याची उसळ अशी होते की बाबांनी जाताना दोन किलो बांधून घेतला.

हॉटेलात जेवायचं तर घड्याळ सांभाळा. दुपारी बारा ते दीड. दोनला पोचलात तर खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या दिसतील. रविवारी रात्री आणि सोमवारी बहुतेक सगळं बंद. जानेवारीत तर कित्येक मालक वार्षिक रजेवर जातात, म्हणून इंटरनेटवर 'उघडं' दिसलं तरी फोन करा. दुकानात शिरताना आधी 'बाँझूर' म्हणायचं, मग काय हवं ते सांगायचं. हे विसरलात तर समोरच्याची भाषाच बदलते, तुम्हाला फ्रेंच येत असो वा नसो.

गावात नव्याने राहायला आलेल्यांना जानेवारीसारखा महिना नाही. महापौर नववर्षाच्या शुभेच्छा द्यायला सगळ्या गावाला सभागृहात बोलावतात. भाषण लांबलं तरी नंतर साखरेत मुरवलेल्या फळांचा गोल ब्रिओश (गोडसर पाव) आणि लिमूची फसफसणारी 'ब्लँकेत' वाईन असते. वर्षभर पत्ता नसलेले शेजारी तिथे ओळख करून देतात. त्यानंतर लोटोच्या रात्री सुरू होतात. लोटो म्हणजे आपला हाऊझी, फक्त बक्षिसं वेगळी. आम्ही दोघं शाकाहारी आणि जिंकलो ते अख्खं खारवलेलं डुकराचं तंगडं! समोरच्या आजींना दिलं. तेव्हापासून त्यांच्याकडची अंडी आम्हाला विकत घ्यावी लागलेली नाहीत.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. हिवाळाभर शिकारीचा हंगाम असतो. रानडुकरांसाठी हाकारा घालतात तेव्हा रस्त्याच्या कडेला शिकार चालू असल्याचा फलक लावतात. तो दिसला की वाट बदला. सकाळी फिरायला जाणाऱ्या आई-बाबांना मी भडक नारिंगी जाकिटं दिली होती. बाबांना ती रस्ता झाडणाऱ्यांसारखी वाटली, पण घातली.

आता प्रवास. आम्ही रविवार धरून लिमू गाठलं ते कार्निव्हलसाठी. हा कार्निव्हल जानेवारीत सुरू होऊन वसंतापर्यंत शनिवार-रविवारी चालतो. ईस्टरप्रमाणे तारखा सरकतात. दिवसातून तीनदा मंडळी निघतात, सकाळी अकरा, दुपारी साडेचार आणि रात्री दहाला. वेळ नसेल तर दुपारची आणि रात्रीची बघा. रिपब्लिक चौकाच्या कमानींखालून एका कॅफेतून दुसऱ्या कॅफेत जाणारे मुखवटेधारी 'फेको' इतक्या सावकाश नाचतात की आधी वाटतं, हे नाचतायत की थांबलेत? हातात सजवलेली बोरूची लांब काठी, मागे पितळी वाद्यं आणि क्लॅरिनेट. एक फेको आईसमोर थांबला, काठीचं टोक तिच्या खांद्यावरून अलगद फिरवलं, मान कलती केली आणि मूठभर कॉन्फेटी तिच्या अंबाड्यावर ओतली. तोंडून शब्द नाही. मुखवट्याच्या आत कोण आहे, हे ओळखू द्यायचं नसतं. शेवटच्या रात्री कार्निव्हलच्या राजावर खटला चालतो आणि त्याचा पुतळा जाळतात. "म्हणजे शिमगाच की," बाबा म्हणाले. फक्त इथे बोंब इथल्या जुन्या ऑक्सितान भाषेत. गाडी नसेल तर कार्कासोनहून लिमूपर्यंत लोकल ट्रेन आहे. त्यापुढे कियाँला २०१८ पासून बसच जाते. रात्रीचा कार्यक्रम बघायचा तर लिमूतच मुक्काम करा.

कार्कासोनच्या किल्ल्याचं जास्त सांगत नाही, त्यावर सगळे लिहितात. आत शिरायला पैसे नाहीत, राजवाडा आणि तटबंदीला तिकीट आहे, आणि हिवाळ्याच्या सकाळी गल्ल्या रिकाम्या असतात. उन्हाळ्यात बघितलेल्यांनी पुन्हा बघावा. 'सेर्स' वारा असेल तर गाडीचं दार धरून उघडा. बिजागरीसकट उलटं जातं.

पुढचा टप्पा पिरेनीज. नकाशावर लिमूहून ऑदच्या घळीतून सरळ वर कॅप्सिरच्या पठारावर जाणारा रस्ता जवळचा दिसतो. हिवाळ्यात तो टाळा, सावलीतल्या वळणांवर बर्फ काचेसारखा गोठतो. आम्ही कियाँनंतर प्येर-लीसच्या खिंडीतून निघालो. अठराव्या शतकात फेलिक्स आर्माँ नावाच्या धर्मगुरूने गावकऱ्यांना हाताशी धरून हा कडा फोडायला घेतला. त्याची आठवण सांगणारा छोटा बोगदा अजून रस्त्यावर आहे. मग मोरीच्या द्राक्षमळ्यांतून उतरून तेत नदीच्या खोऱ्यात, व्हिलफ्रांशला. मळ्यांत छाटणी चालू होती, निळसर धूर जागोजागी.

डोंगरात गाडी नेणार असाल तर नियम ऐका. १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात डोंगरी जिल्ह्यांतल्या ठरवलेल्या गावांत हिवाळी टायर तरी हवेत, नाहीतर गाडीत साखळ्या. टायरवर तीन शिखरं आणि हिमकण अशी खूण असावी. नुसती 'एम प्लस एस' ही अक्षरं २०२४ च्या नोव्हेंबरपासून चालत नाहीत. साखळ्यांऐवजी कापडी मोजे चालतात आणि ते चढवणंही सोपं. भाड्याच्या गाडीला असे टायर असतीलच असं नाही. बुकिंग करतानाच मागा.

व्हिलफ्रांश-द-काँफ्लाँ हे तटबंदीतलं चिमुकलं गाव. तिथून 'त्रँ जोन', पिवळी ट्रेन निघते. मीटर गेज, तिसऱ्या रुळातून वीज, ६३ किलोमीटर. मालवाहू बोटीच्या वेगाने चढत ती बोल्केर-एनला १,५९३ मीटरवर पोचते; फ्रेंच रेल्वेचं हे सर्वात उंच स्थानक. उन्हाळ्यातले उघडे डबे हिवाळ्यात नसतात, पण गर्दीही नसते. आम्ही वाटेल तेव्हा बाजू बदलत होतो, आणि तेच करा, कारण दरी कधी इकडे तर कधी तिकडे येते. सेजूर्ने पूल ६५ मीटर उंच, दोन मजली. त्यानंतरचा झिस्क्लार पूल रेल्वेचा झुलता पूल. त्याची रचना करणारा अभियंता आल्बेर झिस्क्लार १९०९ मध्ये याच मार्गावर चाचणीच्या वेळी झालेल्या अपघातात गेला. पुढच्या वर्षी मार्ग सुरू झाला. बाबा आयुष्यभर पाटबंधारे खात्यात होते. पूल मागे पडेपर्यंत ते बोलले नाहीत, मग तारांच्या जोडणीवर अर्धा तास बोलले.

दोन सूचना. मधली बरीच स्थानकं 'मागितलं तर थांबा' अशी आहेत: उतरायचं तर गार्डला आधी सांगा, चढायचं तर फलाटावरून हात करा. आणि हिवाळ्यात गाड्या मोजक्याच, शिवाय दुरुस्तीसाठी मार्ग अधूनमधून बंद असतो. परतीची वेळ आधी बघा, मग चढा. माँ-लुईला उतरलात तर चौदाव्या लुईचा किल्ले बांधणारा अभियंता व्होबाँ याने १६७९ मध्ये बांधायला घेतलेलं किल्ल्याचं गाव बघून होतं. तिथे अजून लष्कर आहे, त्यामुळे किल्ल्याचा सगळा भाग उघडा नसतो.

दुसऱ्या दिवशी गाडीने साँ-तोमासच्या गरम कुंडांवर गेलो. स्थानक आहे, पण तिथून पायी चढ आहे. आई-बाबांसारख्यांनी गाडीच घ्यावी. कडेला बर्फ, आपण गंधकाच्या ऊन पाण्यात गळ्यापर्यंत. फ्रान्समधल्या बहुतेक सार्वजनिक तलावांत पुरुषांना ढगळ चड्डी चालत नाही, घट्ट लागते. सोबत घ्या. खिडकीवरच्या बाईंनी आईच्या पायांकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. आईला वाटलं, अनवाणी चालत नाही म्हणतायत. प्रश्न जोडव्यांचा होता: गंधकाने चांदी काळी पडते. जोडवी निघेनात, तेव्हा बाईंनीच साबणाचं पाणी आणून दिलं. पैंजण, जोडवी, चांदीच्या अंगठ्या घरूनच उतरवून या.

वर सेर्दान्यचं पठार उन्हात न्हालेलं असतं. म्हणूनच ओदेयोला सौरभट्टी आहे: डोंगरउतारावरचे ६३ आरसे समोरच्या इमारतीएवढ्या अंतर्गोल आरशावर ऊन फेकतात आणि केंद्रात ३,००० अंशांच्या वर तापमान जातं. संशोधनाची जागा आहे, पण रस्त्यावरून दिसते तेवढीसुद्धा पुरे. तिथून लिव्हिया जवळच. फ्रान्सच्या पोटातलं स्पेनचं गाव. १६५९ च्या तहात आसपासची खेडी फ्रान्सला दिली, पण लिव्हिया 'नगर' असल्याने सुटलं. शेंगेनमध्ये असलं तरी पासपोर्ट आणि निवासपत्र जवळ ठेवा, या भागात पोलीस गाड्या थांबवतात.

आई-बाबांना पॅरिसला जायचं होतं. त्यांना लातूर-द-कारोलला (हो, उच्चार लातूरच) रात्रीच्या ट्रेनमध्ये बसवलं. या एका स्थानकात तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ आहेत, म्हणून बाबांनी अर्धा तास आधी पोचायचा आग्रह धरला होता. दुसऱ्या वर्गात डब्यातल्या कुपेत सहा बर्थ, पहिल्यात चार. एकट्या बाईला बायकांची वेगळी कुपे मागता येते. रुळांच्या कामामुळे ही गाडी काही रात्री धावतच नाही, म्हणून विमानाचं तिकीट काढण्याआधी हिची तारीख बघा. जेवण सोबत घ्या. आईने तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या.