जोतिबाचा डोंगर, पुन्हा एकदा

कोल्हापूरच्या वायव्येला असलेला जोतिबाचा डोंगर मी पहिल्यांदा पायी चढलो तो वडिलांचे बोट धरून, आणि गेली पंचवीस वर्षे दर पावसाळ्यानंतर एकदा तरी पहाटे कुशिरे गावातून ती वाट धरल्याशिवाय मला चैन पडत नाही. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर होतो आणि गुलालाने सारा डोंगर गुलाबी होतो, पण मला आश्विनातली शांत चढण अधिक प्रिय आहे.

गायमुखापाशी वडील नेहमी थांबत, ओंजळीने तोंडावर पाणी मारत आणि धोतराच्या सोग्याने चेहरा पुसून मगच पुढची पायरी चढत. आता मी तिथे थांबतो, कारण गुडघाही तेच मागतो. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलेल्या काळ्या दगडाच्या देवळात दर्शन घेऊन बाहेर आलो, की समोर पन्हाळा दिसतो. वडिलांना जाऊन सहा वर्षे झाली, तरी देवळाबाहेर घेतलेल्या दवण्याच्या जुडीतली अर्धी मी अजूनही त्यांच्या तसबिरीसाठी बाजूला काढून ठेवतो.