आधी जागा, मग आजार : आमच्या केस-स्पर्धांची सहा महिन्यांची नोंद

लातुरातील आमच्या विद्यार्थी मेंदूविज्ञान मंडळाने जून ते नोव्हेंबर या काळात चार केस-स्पर्धा (रुग्णाची कहाणी ऐकून संघांनी आजार ओळखायचा अशा स्पर्धा) आणि दोन सार्वजनिक कार्यक्रम घेतले. नांदेड, अंबाजोगाई आणि छत्रपती संभाजीनगर येथील ज्या मित्रांना असे मंडळ सुरू करायचे आहे किंवा ज्यांचे आधीच सुरू आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून ही नोंद लिहीत आहे. जिथे चुकलो ते सविस्तर लिहिले आहे आणि जे सहज जमले ते थोडक्यात आटोपले आहे.

जूनमधील पहिली स्पर्धा आम्ही एका तयार इंग्रजी केसवर घेतली. जंगलात भटकंती करून आलेला परदेशी तरुण, त्याला गोचीड चावलेली आणि नंतर चेहऱ्याच्या दोन्ही बाजू लुळ्या पडलेल्या, असे त्या केसचे स्वरूप होते. सर्वांत आधी घंटी दाबणाऱ्या संघाला गुण देण्याचा नियम होता. दुसऱ्या वर्षाच्या एका संघाने गोचीड हा शब्द ऐकताच ‘लाइम डिसीज’ (गोचिडीमुळे होणारा जंतुसंसर्ग) असे उत्तर दिले, ते बरोबर निघाले आणि पुढची सगळी माहिती वाचायची तशीच राहिली. आमच्या मार्गदर्शक मॅडमनी तेव्हा त्या संघाला एवढेच विचारले की, लीजन, म्हणजे इजा किंवा बिघाड, कुठे आहे आणि ते मेंदूत नसून चेहऱ्याच्या नसेत आहे हे कशावरून म्हणता. त्यावर सभागृहातील एकालाही उत्तर देता आले नाही. वास्तविक कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांतून आज्ञा मिळते, म्हणून मेंदूतील एका बाजूच्या इजेत तोंड वाकडे झाले तरी कपाळाला आठ्या पाडता येतात, आणि नसेतच बिघाड असेल तर कपाळही निकामी होते, ही गोष्ट आम्ही सगळ्यांनीच परीक्षेसाठी पाठ केलेली होती. रुग्ण समोर मांडल्यावर मात्र ती कोणाच्याही कामाला आली नाही.

त्या दिवसानंतर आम्ही घंटी बंद केली आणि गुणांची विभागणी पूर्ण बदलली. आता दहापैकी पाच गुण लीजनची जागा कारणासह सांगण्याला आहेत, तीन गुण योग्य तपासणी मागण्याला आणि आजाराच्या नावाला फक्त दोन. शिवाय प्रत्येक संघाला चार हजार रुपयांचे काल्पनिक बजेट दिले जाते. त्यात एमआरआय एकदाच बसतो आणि तो घेतला की बाकीच्या तपासण्यांसाठी जवळजवळ काहीच उरत नाही. हातोडी, टॉर्च, कापूस आणि ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा काटा) यांनी केलेली तपासणी मात्र कितीही वेळा फुकट मागता येते. आमच्या वॉर्डात येणाऱ्या कुटुंबांचा खर्चाचा हिशेब याहून फार वेगळा नसतो, त्यामुळे हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

जुलैची केस आम्ही स्वतः लिहिली, आणि त्या लिखाणाने आम्हाला स्पर्धेपेक्षा जास्त शिकवले. आजार ठरवलेला होता: जीवनसत्त्व बी-१२ च्या दीर्घ कमतरतेमुळे होणारी मज्जारज्जूची झीज. पहिल्या मसुद्यात रुग्णाची तक्रार ‘पोस्टेरिअर कॉलमची (मज्जारज्जूच्या मागच्या भागातील तंतूंची) संवेदना कमी’ अशा थाटात उतरली होती. मॅडमनी तो परत केला आणि वॉर्डात बसून रुग्ण काय शब्द वापरतात ते टिपून आणायला सांगितले. आम्ही दोघे जण चार दुपारी वही घेऊन बसलो. तिथे एका आजोबांनी सांगितले, ‘‘पाय फुफाट्यात पडल्यावानी वाटायलंय, आन् चप्पल कवा निसटली ते कळंना.’’ या एका वाक्यात संपूर्ण केस होती. चप्पल निसटते आणि निसटल्याचे कळते, तेव्हा पावलाच्या स्नायूंची ताकद कमी झालेली असण्याची शक्यता जास्त. निसटल्याचे कळतच नाही, तेव्हा पावलाची संवेदना गेलेली असते. घोट्याजवळ बोटे लावून तपासण्याआधीच रुग्णाने निम्मे उत्तर दिलेले असते.

त्याच वहीतून पुढचे प्रश्न तयार झाले. सकाळी तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की तोल जातो का, हा प्रश्न म्हणजे मोरीजवळ उभ्या असलेल्या माणसाची रोम्बर्ग चाचणीच (डोळे मिटून उभे राहिल्यावर तोल जातो का ते पाहणे) आहे, कारण पायांकडून येणारी स्थितीची जाणीव गेलेली असते तेव्हा माणूस केवळ डोळ्यांच्या आधारे उभा असतो. भाकरीचा तुकडा मोडता येत नाही असे सांगणाऱ्याच्या बोटांत अशक्तपणा असतो, तर फळीवरचा डबा काढता येत नाही असे सांगणाऱ्याच्या खांद्यात. उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल तर मांड्या आणि कंबरेचे स्नायू पाहावेत. पुस्तकातील ‘प्रॉक्सिमल’ (धडाजवळचे) आणि ‘डिस्टल’ (धडापासून दूरचे) हे शब्द आम्हाला पहिल्यांदा असे घरात फिरताना दिसले.

केसमधील रुग्ण अनेक वर्षे शाकाहारी, दूध केवळ चहापुरते घेणारा आणि हिमोग्लोबिन जवळपास नॉर्मल असलेला असा ठेवला होता. घोट्याचे रिफ्लेक्स नाहीत पण तळपायाला ओरखडा काढल्यावर अंगठा वर जातो, ही जोडी सांगितल्यावर चांगले संघ थबकले, कारण पहिले चिन्ह नसांकडे बोट दाखवते आणि दुसरे मज्जारज्जूकडे. दोन्ही एकाच वेळी बिघडू शकतात हे ज्या एका संघाने मांडले त्याला जागेचे पूर्ण गुण मिळाले. रक्तक्षय नाही म्हणून तीन संघांनी बी-१२ बाजूला ठेवले होते. रक्त ठीक असतानाही मज्जारज्जूला इजा होऊ शकते, आणि अशा माणसाला नुसते फॉलिक ॲसिड दिल्यास रक्त सुधारलेले दिसून चेतासंस्थेची हानी पुढे चालू राहू शकते, यावर नंतर बराच वेळ चर्चा झाली.

याच महिन्यात २२ जुलैच्या जागतिक मेंदू दिनानिमित्त आम्ही कनिष्ठ विद्यार्थ्यांसाठी तपासणीचे प्रात्यक्षिक ठेवले आणि तिथे आमची मोठी चूक झाली. कंपनाची जाणीव तपासायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लागतो. घाईत आम्ही कान तपासण्यासाठी वापरला जाणारा ५१२ हर्ट्झचा फोर्क उचलून आणला होता. त्याचे कंपन बारीक असते आणि हाडावर टेकवल्यावर लवकर विरते. परिणामी धडधाकट अठरा-एकोणीस वर्षांची मुले पायाच्या अंगठ्यावर काही जाणवत नाही असे सांगू लागली आणि त्यांपैकी दोघे खरोखर घाबरले. चूक लक्षात येईपर्यंत वीस मिनिटे गेली होती. आता फोर्कच्या दांड्यावरील आकडा मोठ्याने वाचून मगच तपासणी सुरू करायची, असा दंडक आहे. तुमच्याकडेही फोर्क एकाच कपाटात एकत्र ठेवलेले असतील तर आजच त्यांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधून ठेवा.

ऑगस्टची केस पावसाळ्याची होती. शेतातील घरात जमिनीवर झोपलेली बावीस वर्षांची मुलगी पहाटे पोटदुखीने उठते, सकाळी तिच्या पापण्या मिटू लागतात, मग गिळता येत नाही आणि दुपारपर्यंत श्वास अपुरा पडतो. अंगावर कुठेही दंशाची खूण नाही. सहापैकी चार संघांनी गियाँ-बारे सिंड्रोम (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते असा आजार) लिहिले. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात त्या आजाराचा उद्रेक झाल्यापासून ते नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, हे त्यामागचे कारण उघड आहे. पण त्या आजारात अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो आणि त्याला दिवस लागतात. इथे तो पापण्यांपासून खाली उतरत होता आणि तेही काही तासांत. संघांनी आधी जागेचा विचार केला असता तर उत्तर नस आणि स्नायू यांच्या सांध्यावर येऊन थांबले असते, आणि तिथून मराठवाड्यातल्या पावसाळ्यात मण्यारीपर्यंत पोहोचणे अवघड नव्हते. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश फारसा दुखत नाही आणि खूण अनेकदा सापडत नाही.

या केसवर मी अधिक रेंगाळतो, कारण तिच्यातील विज्ञान फार सुंदर आहे आणि एक चूक जीवघेणी ठरू शकते. नागाच्या विषातील चेताविष मुख्यतः सांध्याच्या स्नायूकडील बाजूस, म्हणजे ॲसिटिलकोलीन या निरोप पोहोचवणाऱ्या रसायनाच्या ग्राहकांवर, जाऊन बसते, म्हणून ते रसायन वाढवणाऱ्या निओस्टिग्मिन या औषधाने फरक पडू शकतो. मण्यारीचे बीटा-बंगारोटॉक्सिन नसेच्या टोकालाच इजा करते, त्यामुळे तिथे निओस्टिग्मिनचा फायदा फारसा होत नाही आणि टोक पुन्हा कामाला लागेपर्यंत रुग्णाला कृत्रिम श्वासावर टिकवून ठेवावे लागते. अशा रुग्णाच्या बाहुल्या विस्फारून स्थिर होऊ शकतात, रिफ्लेक्स जाऊ शकतात, हातपाय हलत नाहीत, आणि तरीही तो आतून पूर्ण शुद्धीवर असू शकतो. मेंदू मृत झाला आहे असा समज करून घेण्याचा धोका इथेच असतो. आमच्या तिसऱ्या फेरीतील प्रश्न हाच होता की, या मुलीच्या पलंगाशेजारी उभे राहून तुम्ही काय बोलाल आणि काय बोलणार नाही. एका मुलीने उत्तर दिले की मी तिला तिच्या नावाने हाक मारीन आणि प्रत्येक सुई टोचण्याआधी सांगीन. त्या उत्तरासाठी गुणपत्रिकेत रकाना नव्हता, तो आम्ही त्याच वेळी वाढवला. महाडमध्ये राहून विंचूदंशावर आयुष्यभर काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले आहेत, हे बऱ्याच जणांना या निमित्ताने कळले. खाटेजवळच्या निरीक्षणातून जागतिक दर्जाचे संशोधन उभे राहते याचे उदाहरण आपल्याच मातीतले आहे.

सप्टेंबरची केस ‘चक्कर’ या एका शब्दावर उभी होती. आपल्याकडे घेरी, भोवळ, गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे आणि तोल जाणे या सगळ्यांना रुग्ण चक्कर म्हणतो, आणि डॉक्टरही कागदावर तेवढेच लिहितो. केसमधील शेतकऱ्याला अचानक सगळे गरगरू लागले, उचकी थांबेना, आवाज घोगरा झाला आणि पाणी पिताना ठसका लागू लागला. घरच्यांचे म्हणणे असे की हातापायांत ताकद आहे, तेव्हा ‘अंगावरून वारं गेलं’ असे म्हणता येणार नाही. लोकांच्या मनात पक्षाघाताची खूण ताकद जाणे हीच आहे. इथे रक्तवाहिनी तुंबली होती ती लंबमज्जेच्या (मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा तळाचा भाग) बाजूच्या भागातली, आणि ताकदीचे तंतू पुढच्या भागात असल्याने ते वाचले होते. ॲडॉल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला हा प्रकार आहे. त्यात चेहऱ्याची एक बाजू आणि शरीराची विरुद्ध बाजू गरम-थंड ओळखत नाही, कारण शरीराकडून येणारे ते तंतू मज्जारज्जूतच बाजू बदलून आलेले असतात.

चार संघांनी बजेटमधून सीटी स्कॅन घेतला आणि तो नॉर्मल असल्याचे कळल्यावर कानाचा आजार लिहून मोकळे झाले. मेंदूच्या मागच्या तळभागातील छोटी इजा सीटीवर सहसा दिसत नाही, आणि पहिल्या दिवशी एमआरआयदेखील कधीकधी ती चुकवतो. एका संघाने मात्र विचारले, ‘‘आंघोळीचं पाणी दोन्ही हातांना सारखंच गरम लागतं का?’’ तो प्रश्न फुकट होता आणि त्यानेच केस सुटली. त्या संघात कोणीही अंतिम वर्षाचे नव्हते.

ऑक्टोबरात परीक्षा होत्या, स्पर्धा झाली नाही. त्या काळात आम्ही जुन्या केसेस पुन्हा वाचून त्यांतील गाव, व्यवसाय आणि वय बदलले. लहान तालुक्यात ‘अमुक गावचा सालगडी’ एवढे लिहिले तरी माणूस ओळखू येतो, ही गोष्ट आधीच लक्षात यायला हवी होती.

१७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन. त्या दिवशी आम्ही जवळच्या एका गावात ग्रामपंचायतीसमोर कार्यक्रम केला. फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवावे, घड्याळ पाहावे आणि झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला तर ताबडतोब दवाखाना गाठावा, एवढेच सांगून करून दाखवायचे होते. प्रश्न मात्र जवळजवळ सगळे लग्नाचे आले. लग्न रद्द ठरवण्यासाठीचे अपस्मार हे कारण १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून काढून टाकण्यात आले आहे, हे आमच्या एका सहकाऱ्याने सांगितल्यावर मागच्या रांगेतील एक मावशी उठून पुढे आल्या आणि त्यांनी ते पुन्हा सांगायला लावले. पुढच्या वेळी आम्ही ही माहिती शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवणार आहोत.

जानेवारीची केस सध्या लिहीत आहे. बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी डोके ठणकत असलेली आणि एक झटका येऊन गेलेली बाई, बाळंतिणीला पाणी कमी द्यायचे या समजुतीने तहानलेली, आणि मेंदूतील शिरेत साकळलेले रक्त. स्कॅनवर रक्तस्राव दिसत असतानाही हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) द्यावे लागते, हा या केसचा गाभा आहे आणि तो संघांनी स्वतः शोधावा अशी इच्छा आहे. पाण्याची गोष्ट पहिल्याच चिठ्ठीत दिली तर केस सोपी होते. म्हणून ती कोणी विचारल्याशिवाय सांगायची नाही, असे तूर्त ठरवले आहे. अडचण एवढीच की, पाणी किती पिता हा प्रश्न बाळंतिणीला विचारायचा की तिच्या सासूला, यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.