सकाळी बंद, दुपारी सुरू

भाचीने सरकारी संगणक टायपिंगच्या परीक्षेचा, मराठी ३० शब्द प्रतिमिनिटाचा, अर्ज भरला तेव्हा घरी सरावासाठी एखादा जुना संगणक घ्यावा असे आम्ही ठरवले. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून टायपिंगचा वर्ग लांब पडतो, एसटीच्या वेळा तिच्या कॉलेजच्या वेळेशी जुळत नाहीत आणि नवा संगणक घेण्याइतके पैसे त्या वेळी हाताशी नव्हते. ओळखीतून एका जिनिंगच्या कार्यालयातून काढून टाकलेला डेस्कटॉप मिळाला. त्यात इंटेलचा कोअर २ ड्युओ ई७५०० हा २००९ सालचा प्रोसेसर, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड आणि १ जीबीच्या दोन डीडीआर२ रॅम होत्या. टायपिंगसाठी याहून अधिक काही लागत नाही, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

घरी आणल्यावर सर्वांत आधी मी कॅबिनेट उघडून साफ केले. प्रोसेसरवरचा पंखा सोडवला तेव्हा त्याखालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर रुईच्या तंतूंचा असा दाट थर बसलेला होता की तो बोटांनी धरून गोधडीच्या तुकड्यासारखा अखंड उचलता आला. ज्या कार्यालयाच्या खिडकीबाहेर दिवसभर सरकी आणि रुई वेगळी होत असते, तिथल्या यंत्राच्या पोटात दुसरे काय सापडणार! जुनी थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून नवी लावली. संगणक सुरू झाला आणि आठ-दहा दिवस उत्तम चालला.

डिसेंबरच्या मध्यावर एका पहाटे भाचीने बटण दाबले आणि काहीच झाले नाही. पंखा फिरला नाही, बीप वाजला नाही, समोरचा दिवाही लागला नाही. दुपारी मी शेतातून आल्यावर तेच बटण दाबले, तर संगणक पहिल्याच दाबण्याला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा बंद, दुपारी पुन्हा सुरू. आई रोज सकाळी चुलीपुढूनच विचारायची, "चालू व्हयना का रे भाऊ?" (म्हणजे, चालू झाला का?) आणि माझ्याकडे उत्तर नसायचे.

माझा पहिला संशय विजेवर गेला, आणि आमच्याकडे रब्बीच्या दिवसांत तो कोणाचाही जाईल. गहू-हरभऱ्याच्या पाण्याच्या दिवसांत पहाटे थ्री फेज आली की शिवारातल्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातल्या बल्बचा उजेड खाली बसतो. मल्टिमीटरने मोजले तेव्हा सकाळी भिंतीवरच्या बोर्डावर १९६ व्होल्ट मिळाले आणि दुपारी २२८. एसएमपीएसवरच्या, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावरच्या, लेबलवर २०० ते २४० असे लिहिलेले असल्याने कारण सापडले असे मला वाटले. शेजारच्या दादांकडून फ्रिजचा स्टॅबिलायझर दोन दिवसांसाठी मागून आणला. त्यातून पहाटे २२५ व्होल्ट नीट मिळत होते आणि तरीही संगणक सुरू होत नव्हता. संशय चुकीचा होता, पण तो मोजून चुकीचा ठरला याचे मला समाधान होते.

त्यानंतर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, एकेक रॅम आलटून पालटून लावून पाहिली, मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल २.६ व्होल्टवर आला होता तो बदलला. कशानेही फरक पडला नाही. खरे तर पडणारही नव्हता, कारण रॅम खराब असली तरी पंखा निदान फिरतो आणि स्पीकर जोडलेला असेल तर बीप ऐकू येतो, तर सेल उतरला की बहुतेक वेळा फक्त तारीख-वेळ चुकते आणि एफ१ दाबण्याची सूचना येते. पंखाच फिरत नसेल तर दोष त्याच्याही आधी, वीज जिथून आत येते त्या बाजूला शोधायला हवा. हा क्रम मला ठाऊक होता, तरी घाईत मी तो पाळला नाही.

मग संगणक शहरातल्या एका दुकानात नेला. एसटीने पोहोचेपर्यंत साडेबारा वाजले, आणि दुकानात तो लगेच सुरू झाला. दुकानदाराने परत पाठवले. दुसऱ्या खेपेलाही तेच झाले. तिसऱ्या खेपेला मी तो तिथे मुक्कामी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला की मदरबोर्ड गेला आहे, या मॉडेलचा आता मिळत नाही, भंगारात द्या. जो मदरबोर्ड रोज दुपारी चार-पाच तास बिनतक्रार चालतो तो गेलेला कसा, या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले नाही. तपासणीचे पैसे देऊन मी संगणक परत आणला. त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटले, कारण भाचीच्या परीक्षेला सात आठवडे उरले होते.

परत आणल्यावर मी एक वही घेतली आणि रोज किती वाजता सुरू झाला, किती वाजता नाही, एवढेच लिहायला लागलो. सहाव्या दिवशी लक्षात आले की ज्या दिवशी आभाळ आल्यामुळे रात्री थंडी कमी होती, त्या दिवशी तो सकाळी आठलाच सुरू झाला होता. आमचे घर धाब्याचे, जाड मातीच्या भिंतींचे, आणि संगणक उत्तरेच्या खोलीत, जिथे हिवाळ्यात ऊन शिरत नाही. धुळे-जळगावकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो हे सगळ्यांना ठाऊक असते, पण हिवाळ्यात तो ८-१० अंशांपर्यंत उतरतो, हे बाहेरच्यांना खरे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता संगणक सुरू होत नसल्याची खात्री केली, सगळ्या वायरी काढल्या, कॅबिनेट उचलून पूर्वेच्या ओट्यावर उन्हात ठेवले आणि पाऊण तासाने त्याच बोर्डावर आणून जोडले. तो सुरू झाला. वीज तीच होती, वेळ जवळपास तीच होती, फरक फक्त उबेचा होता.

आता कुठे मोजायचे ते कळले. डेस्कटॉपचे पुढचे बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखे वीज जोडत नाही, ते मदरबोर्डाला फक्त निरोप देते. तो निरोप ऐकण्यासाठी मदरबोर्डाला थोडी वीज आधीपासून मिळत राहावी लागते आणि ती एसएमपीएसच्या जांभळ्या वायरीतून, ५ व्होल्टची, भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत अखंड येत असते. निरोप मिळाला की मदरबोर्ड हिरवी वायर काळीशी जोडतो आणि मग एसएमपीएस पिवळीत १२, लालीत ५ आणि नारिंगीत ३.३ व्होल्ट सोडतो. जांभळ्या वायरीत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. २४ पिनांचा जोड मदरबोर्डाला लावलेलाच ठेवून, मल्टिमीटरची टोके मागच्या बाजूने घालून, पहाटे साडेसहाला मोजले तेव्हा ४.२ मिळाले आणि मदरबोर्डावरचा बारीक हिरवा दिवा मंद होऊन थरथरत होता. दुपारी त्याच जागी ४.९ होते. हिरवी आणि काळी वायर पेपर क्लिपने जोडून एसएमपीएस तपासण्याची रीत अनेकांना ठाऊक आहे. मीही ती केली होती, पण दुपारी, जोड मदरबोर्डापासून सुटा करून, आणि पंखा फिरलेला पाहून एसएमपीएसला निर्दोष ठरवले होते. पंखा फिरला याचा अर्थ भार पडल्यावरही व्होल्टेज टिकते असा होत नाही, आणि दुपारी केलेली तपासणी पहाटेच्या दोषाबद्दल काही सांगत नाही.

या दोषाचे कारण कपॅसिटरमध्ये, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणाऱ्या भागात, असते. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरच्या आत अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये द्रावणात भिजवलेला कागद गुंडाळलेला असतो. वर्षानुवर्षे उष्णतेने ते द्रावण सुकत जाते, कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत उरलेसुरले द्रावण आणखी घट्ट झाले की रोध इतका वाढतो की सर्किट सुरूच होऊ शकत नाही. कपॅसिटरवर १०५ अंश लिहिलेले असते आणि सामान्य प्रतीच्या कपॅसिटरचे त्या तापमानाला आयुष्य २,००० तास धरतात. तापमान दर १० अंशांनी कमी झाले की हे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणजे ६५ अंशांवर ते ३२,००० तास होईल. वर्षाचे तास ८,७६०, तेव्हा अखंड चालणाऱ्या भागासाठी हे आयुष्य चार वर्षांपेक्षाही कमी भरते. जांभळ्या वायरीचा भाग अखंडच चालतो, कारण आपण संगणक बंद करतो पण भिंतीवरचे बटण बंद करत नाही. आमच्या मे महिन्यात बंद खोलीतल्या एसएमपीएसच्या डब्याच्या आत काय तापमान असेल, याचा विचार करावा.

एसएमपीएस मी स्वतः उघडला नाही आणि ज्याला त्याचे शिक्षण नाही त्याने उघडूही नये. त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी साठलेला असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकतो. तालुक्याच्या गावी टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणारे एक आप्पा आहेत, त्यांच्याकडे नेला आणि वहीतल्या नोंदी वाचून दाखवल्या. त्यांनी त्या शांतपणे ऐकल्या, डबा उघडला, मोठा कपॅसिटर रिकामा केला आणि ट्रान्सफॉर्मरच्या कडेला चिकटून उभे असलेले दोन लहान कपॅसिटर थेट दाखवले. त्यांतल्या एकाच्या बुडाशी तपकिरी डाग पडला होता, दुसरा वरून अगदी नवा दिसत होता, पण मीटरवर त्याची क्षमता निम्मीही भरली नाही. "हे दोन बारके वाळले आहेत भाऊ, बाकी मशीनला काही झालेलं नाही," असे म्हणून त्यांनी दोन्ही बदलले. दोन्ही कपॅसिटर आणि मजुरी मिळून जे पैसे त्यांनी घेतले, त्याहून अधिक पैसे मी त्या दुकानाच्या तीन खेपांच्या एसटी भाड्यात घातले होते.

त्याच आठवड्यात थंडी आणखी वाढली होती. पहाटे साडेसहाला भाची शाल पांघरून बसली होती, मी मल्टिमीटर धरून उभा होतो, आणि जांभळ्या वायरीवर ५.०४ व्होल्ट होते. मदरबोर्डावरचा हिरवा दिवा स्थिर होता. तिने बटण दाबले, पंखा फिरला, एक छोटा बीप वाजला आणि आईने चुलीपुढून विचारायच्या आधीच भाचीने सांगून टाकले, "चालू व्हयना."

आता रोज रात्री काम संपले की भिंतीवरचे बटणही बंद होते. मदरबोर्डावर रॅमच्या शेजारी ६.३ व्होल्ट, १,००० मायक्रोफॅरडच्या एका कपॅसिटरचे डोके किंचित वर आलेले मला दिसले आहे. त्याचा आकडा आणि उंची वहीत लिहून ठेवली आहे, आणि परीक्षा झाली की, उन्हाळा तापायच्या आत, तो आप्पांकडून बदलून घ्यायचा आहे.