मानवशास्त्राचा पहिला वर्ग आणि आत्याबाईंचे नाव

कॅलिफोर्नियातील सनीवेलला राहायला येऊन दोन वर्षे झाल्यावर मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले, ते अकाउंटिंगची अर्धवट राहिलेली वाट पुढे नेण्यासाठी. पदवीच्या अटींत सामाजिक शास्त्राचा एक विषय सक्तीचा होता आणि मुलाला शाळेत सोडून वेळेवर पोहोचता येईल असा एकच वर्ग शिल्लक होता. त्यामुळे ऑगस्ट २०२३ मध्ये मी सांस्कृतिक मानवशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात जाऊन बसले. कॅलिफोर्नियातील रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटमागे (युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) ४६ डॉलर भरावे लागतात. तीन युनिटांचे १३८ डॉलर झाले आणि पाठ्यपुस्तक मोफत होते. मानवशास्त्र म्हणजे कवट्या आणि दगडी हत्यारे, एवढीच माझी कल्पना होती. ती पहिल्याच तासाला मोडली, कारण कवट्यांचा विषय दुसऱ्या खोलीत शिकवला जात होता.

पहिल्या आठवड्यात मानवशास्त्रज्ञ हॉरेस मायनर यांचा १९५६ सालचा ‘नॅसिरेमा’ जमातीवरील लेख वाचायला दिला होता. ज्यांच्या घराघरांत भिंतीतल्या पेटीत मंतरलेल्या वस्तू साठवलेल्या असतात आणि जे लोक रोज तोंडाचा एक विधी करतात, त्या जमातीचे ते वर्णन आहे. जमातीचे नाव इंग्रजी अक्षरांत (Nacirema) उलटे वाचले की ‘अमेरिकन’ हा शब्द निघतो, हे माझ्या वर्गातील बहुतेकांनी दुसऱ्या पानाआधीच ओळखले. मी शब्दकोश उघडून, पेन्सिलीने खुणा करत शेवटपर्यंत प्रामाणिकपणे वाचत गेले आणि वर्गात सर्वांत शेवटी हसले. पुढे मात्र मला वाटू लागले की माझे फार चुकले नव्हते. भाड्याच्या घरात आल्यावर न्हाणीघरातील आरशामागे औषधांचे कपाट सापडले, तेव्हा मी खरोखरच आश्चर्याने नवऱ्याला हाक मारली होती. जे इतरांना विनोदाने परके करून दाखवावे लागले, ते मला मुळातच परके होते.

खरी अडचण तिसऱ्या आठवड्यात सुरू झाली. कोणत्याही सार्वजनिक जागी दोन तास बसून सहभागी निरीक्षण, म्हणजे लोकांत मिसळून त्यांचे वागणे टिपणे, करावे आणि चार पाने लिहावीत, असा गृहपाठ होता. मी भारतीय किराणा दुकानातील भाजीचा विभाग निवडला, मालकांची परवानगी घेतली आणि घरी येऊन एका बैठकीत चार पाने लिहून टाकली. आपल्या बायका घाईत असतात, भाजीच्या बाबतीत चोखंदळ असतात, गावाकडच्या चवीची त्यांना ओढ असते, असे सारे त्यात होते. बाईंनी (इथे प्राध्यापकांना पहिल्या नावाने हाक मारतात, पण ते शेवटपर्यंत माझ्या तोंडात बसले नाही) कागदाच्या कडेला एकच प्रश्न तीनदा लिहिला होता: घाई दिसते कशी? ‘ओढ’ या शब्दाभोवती वर्तुळ काढून त्यांनी विचारले होते की हे तुम्ही पाहिले की तुम्हाला आधीच ठाऊक होते. गुण शंभरात ६८ होते. मला राग आला. स्वतःच्या माणसांविषयी मला परक्या बाईने शिकवावे, हे काही केल्या पटेना.

पुन्हा लिहिण्याची मुभा होती, म्हणून मी परत गेले आणि या वेळी फक्त भेंडीच्या खोक्यापाशी उभी राहिले. चाळीस मिनिटांत १९ जणांनी भेंडी घेतली. त्यांपैकी १४ जणांनी शेंडा मोडून पाहिला, मोडलेली कोवळी भेंडी पिशवीत टाकली आणि जून निघालेली खोक्यात परत ठेवली. खोक्याच्या वरच भेंडी मोडू नये अशी इंग्रजीत पाटी होती आणि तिच्याकडे पाहून दोघींनी पाठ वळवून शेंडा मोडला. एका गृहस्थांनी फोन कानाला लावून पलीकडच्या व्यक्तीला मोडण्याचा आवाज ऐकवला. हे सारे मी स्वतः आयुष्यभर करत आले आहे, पण जून भेंडी परत ठेवताना ती खाली, इतर भेंड्यांच्या आड दडवली जाते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्या चार पानांत ‘ओढ’ हा शब्द एकदाही आला नाही.

मधले काही आठवडे वाचनाचे गेले. मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात पापुआ न्यू गिनीतील ट्रोब्रिअंड बेटांवर राहून नोंदलेली कुला ही देवघेव मला परीक्षेपुरती नव्हे, तर मनापासून आवडली. तांबड्या शिंपल्यांच्या माळा बेटाबेटांतून एका दिशेने फिरतात, पांढऱ्या शिंपल्यांची कडी उलट दिशेने, आणि कोणीही त्या वस्तू कायमच्या जवळ ठेवत नाही. मी उत्तरपत्रिकेत हळदीकुंकवाच्या ब्लाउजपीसचा दाखला दिला, कारण तोही ओटीतून ओटीत फिरत राहतो आणि एकदा तर मीच दिलेला मला परत आला होता. बाईंनी गुण दिले, पण फरकही दाखवला. कुलातील नामांकित माळेला नाव असते, इतिहास असतो आणि ती कोणाकोणाकडून आली हे अभिमानाने सांगतात. आमच्याकडे मात्र तो कोणाकडून आला हे लपवण्यावरच सारा व्यवहार चालतो.

जातीवरचा धडा ऑक्टोबरमध्ये आला. नेमके त्याच सुमारास जातीभेदाला भेदभावविरोधी कायद्यात स्पष्ट स्थान देणारे एसबी ४०३ हे विधेयक कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर न्यूसम यांनी सही न करता परत पाठवले होते, त्यामुळे वर्गात सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. शहरांत आता कोणी जात पाळत नाही, असे मी सहजपणे सांगून मोकळी झाले. बाईंनी मला खोडले नाही. हे वाक्य कोणाच्या घरातून पाहिल्यावर खरे दिसते, एवढेच त्यांनी विचारले आणि उत्तराची वाट न पाहता त्या पुढे गेल्या. मी वर्गात संपूर्ण भारताच्या वतीने बोलत होते आणि ते काम मला कोणी दिलेले नव्हते, हे उमगायला मला नोव्हेंबर उजाडावा लागला.

नोव्हेंबरमध्ये नातेसंबंधांचा तक्ता करायचा होता. पुरुषासाठी त्रिकोण, स्त्रीसाठी वर्तुळ, लग्नासाठी बरोबरची खूण, आणि किमान चार पिढ्या. तासगावला माझी ८१ वर्षांची आजी आहे. सलग पाच रविवार मी तिला व्हिडिओ कॉल करून वहीत खुणा करत गेले. पुस्तकात नात्यांच्या नावांचे सहा प्रकार दिले होते आणि मराठी त्यांपैकी कशात बसते हे ठरवण्यात माझे दोन रविवार गेले. चुलत, मावस, मामे आणि आते ही चारही भावंडे आपण वेगळी सांगतो, म्हणून एक चौकट जुळते असे वाटावे, तर हाक मारताना सगळेच दादा आणि ताई होतात आणि ती चौकट निसटते. नाते सांगण्याचे शब्द वेगळे आणि हाक मारण्याचे वेगळे, हा भेद धड्यात दोनच ओळींत उरकला होता. मला मात्र तो सगळ्या धड्याहून मोठा वाटला.

आजी सासूला आत्याबाई म्हणे आणि सासऱ्यांना मामंजी. मी हे शब्द लहानपणापासून ऐकलेले, पण ते आदराचे शब्द आहेत यापलीकडे कधी विचार केला नव्हता. तक्त्यावर आजीच्या थोरल्या बहिणीची रेघ ओढताना ती सहज म्हणाली, “ती आत्याच्याच घरी दिली होती. भाची सून होऊन गेली तर चालतं गं, वेल माघारी येऊ नये.” म्हणजे मुलीने वडिलांच्या बहिणीच्या घरी जावे, पण आईच्या माहेरी सून होऊन परतू नये. सख्खी आत्या जिथे सासू होते, तिथे आत्याबाई हा शब्द शब्दशः खरा असतो, आणि आत्याच्या यजमानांना पुष्कळ घरांत मामाच म्हणतात, हेही जुळते. आजीची स्वतःची सासू मात्र नात्यातली नव्हती. लग्न परक्या घरात झाले, तरी हाक जुन्या रिवाजाचीच राहिली.

इरावती कर्वे यांचा ‘किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा १९५३ सालचा ग्रंथ मी दुसऱ्या ग्रंथालयातून मागवून घेतला. नात्यात लग्न वर्ज्य मानणारा उत्तर भारत आणि ते पसंत करणारा दक्षिण भारत यांच्या मधल्या पट्ट्यात त्यांनी महाराष्ट्र ठेवला आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात मानवशास्त्रज्ञांपैकी बोआस होते, मॅलिनोव्स्की होते, मार्गारेट मीड होत्या, पण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्य घालवलेल्या या बाई नव्हत्या. मी निबंधात त्यांचे नाव चार वेळा घातले, त्यांतले एक गरज नसतानाही.

तक्ता पूर्ण झाल्यावर त्यावर ६४ खुणा होत्या आणि सर्वच्या सर्व एकाच जातीच्या होत्या. ऑक्टोबरमधल्या त्या प्रश्नाचे उत्तर असे माझ्याच हाताने काढलेल्या कागदावर येऊन बसले. मी ते निबंधाच्या शेवटी एका परिच्छेदात लिहिले.

दुसरी गोष्ट नावांची. पुरुषांची नावे आजीने चार पिढ्यांपर्यंत धडाधड सांगितली. बायकांपाशी ती अडखळे, कारण लग्नात नाव बदललेले आणि प्रत्येक वर्तुळाखाली दोन नावे हवी होती. सासूचे माहेरचे नाव तिला सांगता येईना. “आत्याबाईच म्हणायचो आम्ही, नाव कोण विचारतंय,” ती म्हणाली. त्या वर्तुळाखाली मी प्रश्नचिन्ह काढून कागद दिला. डिसेंबरात निकाल लागला. एकूण गुण ‘बी प्लस’पर्यंत पोहोचले होते, तक्त्याला पैकीच्या पैकी.

निकालानंतर बारा दिवसांनी पहाटे तीनला फोन वाजला. तिकडे दुपारचे साडेचार झाले होते आणि घड्याळांचा हिशेब आजी कधीच करत नाही. पलूसला आत्याबाईंच्या माहेरची एक म्हातारी अजून आहे, तिच्याकडे माणूस पाठवला होता, असे तिने सांगितले. “चंद्रभागा. लिहून घे,” ती म्हणाली. मी स्वयंपाकघरातला दिवा लावला, वही शोधली आणि प्रश्नचिन्ह खोडले.