किल्लीचं भाडं

डीटीएच, म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणारा टीव्ही. त्याच्या गच्चीवरच्या छत्रीत सगळेच चॅनेल पडत असतात. पैसे भरलेले तर पडतातच, पण ज्या क्रमांकावर गेलं की ‘हा चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही’ अशी पाटी येते, तोही पडत असतो. ३५,७८६ किलोमीटर उंचीवरचा उपग्रह कोणाचं रिचार्ज कधी संपलं याची वही ठेवत नाही. तो सरसकट बरसतो. अडवणूक होते ती खाली, सेट-टॉप बॉक्समध्ये. तिथे कुलूप आहे, आणि महिन्याला आपण भरतो ते बरंचसं त्या कुलपाच्या किल्लीचं भाडं.

किल्लीही वरूनच येते. रिचार्ज करूनही टीव्ही सुरू होत नाही म्हणून माणूस फोनवर तणतणतो, आणि कारण एवढंच असतं की पैसे भरताना बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद होता. ‘याचं कुलूप उघडा’ हा हुकूम उपग्रहामार्फत काही काळ फिरवला जातो. तेव्हा बॉक्स झोपलेला असेल तर त्याला तो पोचतच नाही. म्हणून आधी बॉक्स लावावा, पॅकमधल्या एखाद्या चॅनेलवर ठेवावा, मग पैसे भरावेत. चुकलंच तर ॲपमधलं ‘रिफ्रेश’ दाबायचं, की तोच हुकूम पुन्हा निघतो. नंतर पाच-दहा मिनिटं रिमोटला हात लावायचा नाही. बहुतेकांना नेमकं हेच जमत नाही.

आता भाडं. १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, नवी दरपद्धत लागू झाली आणि बिलाचे दोन तुकडे झाले, एक रस्त्याचा आणि एक मालाचा. रस्त्याचा म्हणजे एनसीएफ, नेटवर्क कपॅसिटी फी: चॅनेल घरापर्यंत पोचवण्याचं शुल्क. १०० चॅनेलपर्यंत जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एकही सशुल्क चॅनेल न घेता १५३ रुपये ४० पैसे. पुढे २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० चॅनेल बसवायला सांगितलं गेलं. एक एचडी चॅनेल मात्र मोजणीत दोन धरायचा. जुलै २०२४ मध्ये ट्रायनं या शुल्कावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. त्यामुळे शेजारच्या घरचा आकडा आता आपल्याला लागू होईलच असं नाही. आपलंच बिल उघडून एनसीएफची ओळ शोधावी लागते.

मालाच्या बाजूला १९ या आकड्याला भलताच मान. चॅनेलची किंमत १९ रुपयांच्या वर गेली तर त्याला वाहिनीसमूहाच्या पॅकमध्ये जागा नाही; सुटा विकायचा तर किंमत हवी ती लावा. मधे ही मर्यादा १२ वर आणायचं ठरलं होतं, नोव्हेंबर २०२२ मध्ये ती परत १९ झाली. कर धरून १९ चे २२ रुपये ४२ पैसे होतात. आणि पॅकवर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. आता १९ चे सुटे तीन चॅनेल घ्या: कर सोडून ५७ रुपये. तेच तीन असलेली, सुट्या किमतींची बेरीज १०० रुपये भरणारी अख्खी मोट ५५ मध्ये मिळू शकते. कोथिंबिरीच्या चार काड्या मागाव्यात आणि जुडी स्वस्त पडावी, तसं. ‘हवं तेवढंच निवडा’ हे ग्राहकाला मोठ्या थाटात सांगितलं गेलं, आणि बहुतेकांनी निमूटपणे जुडीच उचलली.

तरी छाटणी करता येते. ॲपमधली यादी सुट्या चॅनेलच्या दरांसह उघडावी, गेल्या आठवड्यात खरोखर लावलेल्यांवर खूण करावी. ज्या पॅकमधला एकच चॅनेल बघितला जातो तो पॅक काढून चॅनेल सुटा घ्यावा. दोन असतील तर बेरीज करून बघावी. तिसऱ्यापासून पॅक सहसा वरचढ ठरतो. एकच चॅनेल एसडी (साधा) आणि एचडी असा दोनदा घेतलेला सापडणं तर नेहमीचंच.

इतकं करूनही लोक म्हणतात, त्यापेक्षा मोबाइलवर स्वस्त पडतं. पडतं का? उपग्रहाला एक घर काय नि एक कोटी घरं काय, सारखंच, प्रक्षेपण एकच. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक बघणाऱ्याला त्याची वेगळी धार सोडावी लागते. तरी ते स्वस्त दिसतं, कारण रस्त्याचे पैसे दुसऱ्याच बिलात जातात. एचडी दर्जात तासाला साधारण ३ जीबी लागतात. रोज २ जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर टी-ट्वेंटीचा एक डावही धड संपत नाही. घरात वायफाय असेलच तर गोष्ट वेगळी. तेव्हा रस्ता फुकट धरायला हरकत नाही. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये भारतातला बेसिक दर ४९९ वरून १९९ वर आणला, तो अशाच घरांच्या सोयीचा. उलट २०२५ मध्ये प्राइम व्हिडिओवर जाहिराती आल्या आणि त्या नको असतील तर वेगळे पैसे. जाहिराती आल्या, पॅकही आले. आता चॅनेल क्रमांक तेवढे यायचे बाकी आहेत.

डीटीएचची गळचेपी वरून आणि खालून, दोन्हीकडून चालू आहे. वरून हे स्ट्रीमिंग, खालून दूरदर्शनची डीडी फ्री डिश: छत्री-बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं शून्य. तिथे पैसे चॅनेलवालेच भरतात, प्रसार भारतीच्या लिलावात जागा घेऊन. सशुल्क डीटीएचचे सक्रिय ग्राहक २०२० च्या अखेरीस ७ कोटींच्या आसपास होते, २०२५ मध्ये ते ६ कोटींच्या खाली होते. टाटा स्कायनं जानेवारी २०२२ मध्ये नावातलं आकाशच गाळलं आणि ती टाटा प्ले झाली; चॅनेलसोबत ती ओटीटी, म्हणजे नेटवरच्या व्हिडिओ सेवाही विकते.

आणि पावसाळा आहेच. १२ गिगाहर्ट्झच्या आसपासची ही लहर जेमतेम अडीच सेंटिमीटरची. दाट सर मधे आली की ती पाण्यातच विरते. ढग सरला की चित्र परत येतं. तेवढ्यासाठी कोणालाही बोलावू नये. ऊन पडूनही चित्र नसेल तर मात्र एलएनबीपाशी, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर लहरी पकडणाऱ्या डबीपाशी, जावं. तिथल्या पिनेत पाणी शिरून तांब्याची तार काळी-हिरवी पडलेली असते. बॉक्स बंद करून केबलचा खराब तुकडा कापायचा, नवी पिन लावायची, तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवायची, आणि केबलला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे पाणी पिनेकडे न जाता तिथूनच ठिबकतं.

भाडं बंद केलेल्यांच्या छत्र्या गच्चीवर तशाच उभ्या असतात, चॅनेल झेलत. त्या फ्री डिशला चालतात. कंपनीचा जुना बॉक्स सहसा चालत नाही, फ्री-टू-एअर, म्हणजे बिनकुलपाचे चॅनेल दाखवणारा, बॉक्स आणावा लागतो. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. महाराष्ट्रातून तोंड आग्नेयेला. नट सैल करून छत्री बोटभर सरकवायची, थांबायचं, पुन्हा बोटभर. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंथ’ची पट्टी छत्री भिंतीकडे वळवली तरी भरलेली दिसू शकते. बघायची ती ‘क्वालिटी’ची.