थंडीच्या आधी धुराडं
आज अमेरिकेतल्या मिनीआपोलिसच्या आमच्या जुन्या घराच्या धुराड्यावर गवंडी चढला होता. विटांचे पापुद्रे सुटलेले, दरजा (विटांमधले सांधे) भुसभुशीत. विटेत मुरलेलं पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि इथे ते हिवाळाभर गोठत-वितळत राहतं. वीट आतूनच फुटते.

त्याने दरजा खरवडून चुन्याचा मऊ माल भरला. जुन्या विटांना कडक सिमेंट सोसत नाही. ओल दरजेतून बाहेर पडत नाही, मग विटेचाच बळी जातो. हे त्याने आपणहून समजावलं, फार बरं वाटलं! माथ्यावरचा तडकलेला काँक्रीटचा थरही बदलला.

पारा ४ अंश सेल्सिअसखाली उतरला की हे काम अवघड होतं. इथल्या मंडळींनो, ऑक्टोबर संपायच्या आत आपापलं धुराडं जाणकाराला दाखवाच.