छप्पनचा पत्ता

शाळेच्या अमृतमहोत्सवाची पत्रिका भाच्यानं मोबाइलवर दाखवली. म्हणाला, मावशी, तू लिही. शाळा म्हटलं की मला बाईच दिसतात. कोणत्या बाई, ते आपल्या गावात सांगावं लागत नाही.

१९७१ साली मी सातवीत. वडील आधीच गेलेले, दादा फौजेत. कापूस वेचायला माय आणि मी. सकाळी ओटी बांधून रानात, मधल्या सुट्टीनंतर शाळेत. बाई रागावल्या नाहीत. सकाळचं गणित फळ्याच्या कोपऱ्यात माझ्यासाठी तसंच ठेवायच्या.

३ डिसेंबरला लढाई पेटली. शहरांत म्हणे दिवे घालवत होते. आपल्या गावात वीजच कुठं होती! आमची लढाई पोस्टमनच्या पिशवीत. दादाच्या पत्रावर गाव नसायचं, नुसतं ‘५६ एपीओ’, म्हणजे फौजेच्या पोस्टाचा नंबर. मायला ते गावच वाटायचं. “छप्पन कुठं आलं गं? सोलापूरच्या पल्याड का?” शेजारणींना सांगायची, माझा लेक छप्पनला हाय.

माय सांगायची, मी लिहायची. एकदा पुस्तकी थाटात लिहिलं, ‘येथे सर्व कुशल आहे.’ मोठ्या ऐटीत बाईंना दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, “माय असं बोलते का गं? बोलते तसं लिही.” दुसरं अंतर्देशीय स्वतःच्या पैशानं आणवलं. मग लिहिलं : म्हैस आटली. निम्मा कापूस रानातच हाय. बोंडानं बोटं फाटलीत. रात्री दार वाजलं की उठून बसते.

पुढं वस्तीवरच्या बायका यायला लागल्या. कुणाचा नवरा मुंबईला गिरणीत, कुणाचा पोरगा फौजेत. सातवीनंतर माझी शाळा सुटणारच होती, पण माय म्हणाली, मग पत्रं कोण लिहील? अशी मी मॅट्रिक झाले. अंगणवाडीत २८ वर्षं काढली. रजिस्टरात आयांचं बोलणं जसंच्या तसं उतरवायची, पर्यवेक्षिका हसायच्या. हसू देत.

आता शाळा रंगवलीय, पोरं इंग्रजीत कविता म्हणतात. चांगलंच आहे. फाटकाजवळची लाल पेटी मात्र काढायला नको होती.

एक राहिलंच. दादा सुट्टीवर आला तो १९७२ च्या दुष्काळात. माय नुकतीच खडी फोडून आलेली, पदरात सुकडी. लेकाला डोळे भरून पाहिलं, तांब्या दिला आणि पहिलं काय विचारलं तर, “छप्पनला पाऊस हाय का रं?”